विसरलेले पाणी आणि टाळलेले पाणी

संध्याकाळी घरी येऊन डब्याची पिशवी रिकामी करताना पाण्याची बाटली हाताला जड लागते. सकाळी भरून नेलेली असते आणि जवळजवळ तशीच परत आलेली असते. दिवसभरात डबा खाऊन झाला, चहा तीनदा झाला, पाणी मात्र राहून गेले. डोके भणभणत असते, घशाला कोरड पडलेली असते, आणि मग स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच तांब्याभर पाणी घटाघटा पोटात जाते. बँकेच्या काउंटरवर, वर्गात फळ्यासमोर, ओपीडीत, संगणकापुढे दिवस काढणाऱ्या अनेकांची संध्याकाळ रोज अशीच होते.

इतक्या साध्या गोष्टीवर गेली ऐंशी वर्षे संशोधन आणि वाद चालू आहेत. त्याचा आढावा घेताना तीन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. माणसाला रोज किती पाणी लागते? ते कमी पडले तर कामाच्या दिवसात नेमके काय बिघडते? आणि कामाच्या गर्दीत पाणी प्यायची आठवण राहावी कशी? पहिल्या प्रश्नावरचा गोंधळ आता बराच निवळला आहे. दुसऱ्याची उत्तरे काही ठिकाणी पक्की आहेत, काही ठिकाणी अगदी कच्ची. तिसऱ्यावर सर्वांत कमी काम झाले आहे. पाणी विसरणारा माणूस आणि पाणी टाळणारा माणूस या दोघांना या तिसऱ्या प्रश्नात एकाच रांगेत उभे केले गेले, हे त्याचे एक मोठे कारण असावे असे मला वाटते.

आठ ग्लास आले कुठून

‘रोज आठ ग्लास’ हा आकडा घरातल्या वडीलधाऱ्यांपासून व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. त्याच्या मुळाशी बहुधा अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाची १९४५ सालची शिफारस आहे. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी पुरते, म्हणजे अन्नातल्या प्रत्येक कॅलरीमागे एक मिलिलिटर, असे तिथे म्हटले होते. यातले बहुतेक पाणी शिजवलेल्या, तयार अन्नातच असते, हेही लगोलग नोंदवले होते. अडीच लिटर लोकांच्या लक्षात राहिले आणि त्यापुढचे वाक्य गळून गेले.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ मेडिकल स्कूलचे मूत्रपिंडतज्ज्ञ हाइन्झ व्हाल्टिन यांनी या आकड्याचा पुरावा शोधायचा ठरवले. उपलब्ध संशोधन धुंडाळल्यावर त्यांनी लिहिले की आठ ग्लासांच्या नियमाला शास्त्रीय आधार सापडत नाही. हा लेख पुढे फार गाजला आणि ‘आठ ग्लास ही दंतकथा’ अशा मथळ्यांनी फिरला. पण व्हाल्टिन यांचे म्हणणे समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या, बहुतांशी बैठे काम करणाऱ्या निरोगी प्रौढांपुरते होते. मुतखड्याचे रुग्ण, कडक उन्हात राबणारे, अतिश्रम करणारे लोक त्यांनी स्वतःच बाजूला ठेवले होते. त्यांची ही मर्यादा मथळ्यांत हरवली. १९४५ च्या शिफारशीचे जे झाले तेच तिच्या टीकाकाराचेही झाले.

मोठ्या संस्थांचे आकडे आजही एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ मध्ये पुरुषांसाठी ३.७ लिटर आणि स्त्रियांसाठी २.७ लिटर असा आकडा दिला. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये पुरुषांना २.५ आणि स्त्रियांना २ लिटर पुरे म्हटले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत आठ ग्लास, म्हणजे सुमारे दोन लिटर, हा आकडा सांगितला आहे. हा फरक पाहून गोंधळून जायचे कारण नाही. पहिले दोन आकडे अन्न, चहा, दूध, पाणी असे सगळे धरून आहेत, आणि निरोगी लोक प्रत्यक्षात किती घेतात हे पाहूनच ते मुख्यतः ठरवले गेले. एवढे न घेतल्यास माणूस आजारी पडेल, असा त्यांचा अर्थ नाही.

चित्र सर्वांत स्पष्ट झाले ते २०२२ मध्ये. ‘सायन्स’ या नियतकालिकात २३ देशांतल्या ५,६०४ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठ दिवसांच्या बाळापासून ९६ वर्षांच्या माणसापर्यंत सगळे होते. जड हायड्रोजनची खूण असलेले पाणी देऊन, शरीरातून रोज किती पाणी येते-जाते हे त्यात मोजले होते. उत्तर असे निघाले की सर्वांना लागू पडेल असा एक आकडा नाही. वय, वजन, हवामान, समुद्रसपाटीपासूनची उंची, अंगमेहनत या सगळ्यांनी तो बदलतो, आणि बहुतेकांना अन्नाशिवाय वेगळे आठ ग्लास पाणी लागत नाही. त्यातला एक निष्कर्ष मात्र आपण नीट वाचायला हवा. मानवी विकासाचा निर्देशांक जिथे कमी, त्या देशांतल्या लोकांच्या शरीरातून जास्त पाणी जाते. तिथे काम अंगमेहनतीचे असते आणि उन्हापासून आडोसा कमी असतो.

आपल्या परंपरेने हा प्रश्न आकड्याने कधीच सोडवला नव्हता. वाग्भटाने अष्टांगहृदयात निरोगी माणसालाही ग्रीष्म आणि शरद हे दोन ऋतू सोडून एरवी पाणी बेतानेच प्यायला सांगितले आहे. पहाटे उठून तांब्याभर पाणी पिण्याचे उषःपान सांगणारे लोक आणि भरपूर पिऊ नका म्हणणारा वाग्भट या दोघांचाही आधार आज ‘आयुर्वेदात सांगितले आहे’ म्हणून घेतला जातो. तेव्हा आयुर्वेदाचे मत एकच आहे, असे गृहीत धरता येत नाही. शरदाचे नाव ग्रीष्माच्या जोडीला यावे हे ज्याने पुण्यात किंवा नागपुरात ऑक्टोबरचे ऊन सोसले आहे त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तहान: वेळेवरची की उशिराची

आकडा निश्चित नसेल तर मग प्यायचे केव्हा? इथे दोन बाजू आहेत आणि दोन्हींकडे वजनदार माणसे आहेत.

एक बाजू म्हणते, तहान लागली की प्या. रक्तातल्या क्षारांची घनता फार अरुंद पट्ट्यात राखली जाते. ती एखाद-दोन टक्क्यांनी वाढली की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या आसपासच्या पेशींना ते कळते, व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढते, मूत्रपिंडे पाणी राखून ठेवू लागतात आणि आपल्याला तहान लागते. शरीर खऱ्या अर्थाने कोरडे पडण्याच्या बरेच आधी ही घंटा वाजते, असे व्हाल्टिन यांनी दाखवून दिले. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांनी धावपटूंच्या बाबतीत हीच बाजू अनेक वर्षे लावून धरली. तिला बळ देणारा एक पुरावा गंभीर आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम नेहमीच्या पातळीच्या खाली आलेले आढळले. वाटेत तहानेपेक्षा जास्त पिणे हे त्याचे मुख्य कारण होते. जास्त पाणीही जीव घेऊ शकते, हे त्या अभ्यासाने डॉक्टरांना ठळकपणे दाखवले.

दुसरी बाजू म्हणते, तहानेवर विसंबू नका. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, ही आपली म्हण या मंडळींचे म्हणणे तंतोतंत मांडते. त्यांचा भक्कम मुद्दा वयाचा आहे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुण आणि ६७ ते ७५ वयाचे निरोगी पुरुष यांना २४ तास पाण्यावाचून ठेवले. शरीर कोरडे पडले होते दोघांचेही, पण वडीलधाऱ्यांना तहान कमी जाणवली आणि नंतर पाणी समोर ठेवल्यावर ते प्यायलेही कमी. साठीच्या पुढे दुकान सांभाळणाऱ्या, दवाखाना चालवणाऱ्या माणसाला ‘तहान लागेल तेव्हा प्या’ हा सल्ला पुरत नाही.

कामाच्या दिवसापुरते पाहिले तर मला या दोन बाजूंमध्ये एक जागा रिकामी दिसते. वादात धरून चाललेले असते की तहान लागली म्हणजे ती कळली, आणि कळली म्हणजे माणूस उठून पाणी प्यायला. काउंटरसमोर पंधरा जणांची रांग असताना तसे होत नाही. तहान लागते, ‘एवढे झाले की पितो’ म्हणून मागे सारली जाते, मध्येच चहाचा घोट घेतला की तोंड ओले होऊन ती तात्पुरती निवते, आणि तासाभराने तिची जागा डोकेदुखीने घेतलेली असते. म्हणजे तहान वेळेवरच आलेली असते, तिला उत्तर द्यायला माणूस मोकळा नसतो. चरकाने रोखू नयेत असे जे १३ वेग सांगितले त्यांत तहान आहे आणि मूत्रवेगही आहे. एकाच यादीतल्या या दोन वेगांची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

कमी पडले तर काय होते

शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास पाणी कमी झाले की काय होते, हे २०११ आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन छोट्या प्रयोगांत तपासले गेले. २५ तरुण स्त्रियांच्या गटात डोके दुखू लागले, मन एकाग्र होईना, काम जड वाटू लागले. विचारशक्तीच्या चाचण्यांतले गुण मात्र फारसे घसरले नाहीत. २६ पुरुषांच्या गटात सावधपणा आणि तात्पुरती स्मृती किंचित मंदावली. २०१८ मध्ये अशा ३३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात परिणाम खरा पण लहान निघाला, आणि दोन टक्क्यांच्या पुढे घट गेल्यावर लक्ष देणे व नियोजन करणे या कामांत तो अधिक दिसला. ६० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत दोन टक्के म्हणजे सव्वा लिटरच्या जवळपास. एसीत बसून काम करणारा माणूस इतका कोरडा सहसा पडत नाही. भर दुपारी दुचाकीवरून पार्सले पोचवणारा पडतो.

‘पाणी प्या, कामाचा वेग वाढेल’ असे जे सरसकट सांगितले जाते ते म्हणूनच पुराव्याच्या पुढे गेलेले आहे. डोकेदुखी आणि चिडचिड टळेल, एवढे म्हणायला आधार आहे.

कामाच्या ठिकाणची माणसे खरोखर किती कोरडी असतात, याचे थेट मोजमाप विरळ आहे. इंग्लंडमध्ये ८८ डॉक्टर आणि परिचारिकांची शिफ्टच्या सुरुवातीला व शेवटी तपासणी झाली. कामावर येतानाच ३६ टक्के जणांच्या शरीरात पाणी कमी होते, आणि शिफ्ट संपताना हे प्रमाण ४५ टक्के झाले होते. इतरांना सलाइन लावणारे हात ते. घरून निघतानाच कमतरता असेल तर ऑफिसातला गजर तिथे काय करणार, हा प्रश्न त्या पहिल्या आकड्यातून निघतो.

रोगांच्या बाबतीत पुरावा कुठे भक्कम आहे, कुठे नाही. मुतखड्याबाबत तो पक्का आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या प्रयोगात एकदा खडा झालेल्या १९९ जणांना पाच वर्षे पाहिले. दोन लिटरहून जास्त लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्क्यांना. स्त्रियांना वारंवार होणाऱ्या मूत्रसंसर्गाबाबतही २०१८ चा एक चांगला प्रयोग आहे. बल्गेरियातल्या १४० स्त्रिया, ज्या दिवसाला दीड लिटरहून कमी पीत होत्या, त्यांतल्या निम्म्यांना रोज आणखी दीड लिटर पाणी दिले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणून स्त्रिया आपापसांत कुजबुजतात आणि धणे-जिऱ्याच्या पाण्यावर भागवतात, त्यांच्यासाठी हा आकडा फार मोलाचा आहे.

पण त्याच वर्षी कॅनडातून आलेल्या प्रयोगाने दुसरी बाजूही दाखवली. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या ६३१ जणांपैकी काहींना जास्त पाणी प्यायला शिकवले, तरी वर्षभरात मूत्रपिंडांची घसरण थांबली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ११ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून असे मांडले गेले की रक्तातले सोडियम वरच्या बाजूला असणाऱ्यांना म्हातारपणाचे आजार लवकर गाठतात. त्यावरून ‘पाणी प्या, तरुण राहा’ अशा बातम्या आल्या. तो अभ्यास फक्त निरीक्षणाचा होता. पाणी वाढवल्याने आयुष्य वाढते, हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि हृदय नीट काम करत नसलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या माणसाला तर पाणी मोजूनच प्यावे लागते. त्याच्या टेबलावर प्रेमाने बाटली भरून ठेवणाऱ्याने हे विचारून घ्यावे.

चहा धरायचा की नाही

चहा-कॉफीने शरीरातले पाणी उलट कमी होते, ही समजूत जुनी आहे. २०१४ मध्ये नेहमी कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांना काही दिवस रोज चार कप कॉफी आणि काही दिवस तितकेच पाणी देऊन पाहिले, तर शरीरातल्या पाण्यात फरक पडला नाही. २०१६ मध्ये निरनिराळ्या पेयांची तुलना झाली, तीत दूध आणि जलसंजीवनी ही पाण्यापेक्षा जास्त वेळ शरीरात टिकलेली दिसली. तेव्हा ताक, पातळ आमटी, भाताची पेज, सोलकढी हे सगळे हिशेबात धरायला हरकत नाही. चहाची अडचण साखरेची आहे, आणि दिवसाला सहा कप झाले की ती लहान राहत नाही.

आठवण कशी राहते

आता तिसरा प्रश्न. बाजाराचे उत्तर ठरलेले आहे: दर तासाला वाजणारे अ‍ॅप, वेळेच्या खुणा छापलेली बाटली, घोट मोजणारी स्मार्ट बाटली. यांचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. पहिले काही दिवस त्यांनी पाणी वाढते, हे वापरणारे सांगतातच. प्रश्न नंतरचा आहे. दिवसभरात शंभर वेळा वाजणाऱ्या फोनवर पाण्याची आठवण एकशे एकावी ठरते, आणि वाचल्याबरोबर बोटाने बाजूला सारली जाते.

स्मृतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पुढच्या गोष्टी लक्षात ठेवण्याचे दोन प्रकार मानतात. एक घड्याळाला बांधलेला: ‘अकरा वाजता पाणी पिईन’. दुसरा घटनेला बांधलेला: ‘मीटिंग संपली की पिईन’. काही करायला घड्याळाकडे स्वतःहून लक्ष ठेवावे लागत असेल तर कामात गढलेल्या माणसाचे ते निसटते. समोर घडणारी गोष्ट मात्र स्वतःच आठवण करून देते. अमुक झाले की तमुक करीन, असा आधी पक्का बेत करणाऱ्यांचे बेत जास्त तडीस जातात, हे पेटर गोल्विट्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्या एकत्र पाहून मांडले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांचा २०१० चा अभ्यास याच वाटेवरचा आहे. ९६ जणांनी रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडून खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक नवी सवय निवडली. जेवणाबरोबर बाटलीभर पाणी, ही त्यांतलीच एक. सवय अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. ‘२१ दिवसांत सवय’ हे सूत्र त्यामुळे टिकत नाही. एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नाही, हेही त्यात दिसले. पाण्याच्या बाबतीत हा दिलासा मोठा आहे.

मराठी घरात हे जोडकाम फार पूर्वीपासून आहे. उन्हातून आलेल्याच्या हातावर आधी गुळाचा खडा आणि पाण्याचे फुलपात्र ठेवायचे. दारात माणूस आला, ही घटना, आणि तिला पाणी जोडलेले. आलेल्याला मागावे लागत नाही आणि देणाऱ्याला आठवावे लागत नाही. जेवायला बसण्याआधी ताटाशेजारी तांब्या-भांडे मांडणे हेही तसेच. ऑफिसात या दोन्ही गोष्टींची जागा कुणी घेतलेली नाही. पूर्वी बऱ्याच कचेऱ्यांत शिपाई ट्रेमधून पाण्याचे ग्लास फिरवत असे, आणि पाणी समोर आले की माणूस पीत असे. त्या ट्रेच्या जागी कोपऱ्यातला कूलर आला आणि आठवण ठेवण्याचे काम ज्याच्या त्याच्याकडे गेले.

सामूहिक आठवणीचा एक अलीकडचा प्रयोग शाळांतला आहे. केरळमध्ये २०१९ मध्ये ‘वॉटर बेल’ सुरू झाली. दिवसातून ठरावीक वेळा घंटा होते आणि सगळी मुले एकदम पाणी पितात. इतर राज्यांनीही ती उचलली. यात मला मोलाचे वाटते ते असे की पाणी पिण्यासाठी परवानगी मागायची गरज संपली. घंटेने पाण्याचा वेळ कामाच्या वेळेतच धरला.

टाळलेले पाणी

इथवरचा सगळा विचार विसरणाऱ्या माणसाचा झाला. टाळणाऱ्याचे काय?

सकाळी सहाला घर सोडणाऱ्या, दोन गाड्या बदलून कामावर जाणाऱ्या स्त्रीला पाणी विसरायला होत नाही. ती हिशेब करते. वाटेत स्वच्छतागृह नाही, असले तर कडी नाही, कडी असली तर पाणी नाही, म्हणून ती पितच नाही. शिक्षिका, फिरत्या विक्रेत्या, बंदोबस्तावरच्या पोलीस, घरकाम करणाऱ्या बायका, भाजी विकायला बसणाऱ्या, यांच्याशी पाण्याबद्दल बोलायला लागले की बोलणे पाच मिनिटांत लघवीवर येते. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी राहिली, तिने हेच दुखणे चारचौघांत मोठ्याने मांडले. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. ऊसतोडीच्या फडात कोयत्यावर जाणाऱ्या बायकांचे हाल २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आले. ती समिती बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करत होती, पण कोप्यांवरचे पाणी आणि शौचाची सोय हा विषय त्यापासून तोडता येत नाही.

यात फक्त स्त्रियाच आहेत असेही नाही. बसचालक, ट्रकचालक, सुरक्षारक्षक, कॉल सेंटरमध्ये उठण्याची मिनिटे मोजली जाणारी मुले पाणी टाळतात. त्यांना अ‍ॅप देणे म्हणजे ज्या गोष्टीचा त्यांनी विचार करूनच निर्णय घेतला आहे तिची आठवण करून देणे.

उन्हातल्या कामाचे गणित याहून कठोर आहे. अमेरिकेची कामगार-आरोग्य संस्था नायोश सांगते की उष्णतेत काम करणाऱ्याने दर १५ ते २० मिनिटांनी एक कप, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर पाणी प्यावे, आणि तासाला दीड लिटरच्या आतच राहावे. तिथे तहानेची वाट पाहायची नसते, कारण घाम तहानेच्या पुढे धावतो. मध्य अमेरिकेतल्या ऊसमळ्यांत तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होण्याची साथच दिसली. तिचे कारण अजून पूर्ण उलगडलेले नसले तरी पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी एकत्र देण्याचे कार्यक्रम तिथे सुरू झाले. एकटे पाणी पुरत नाही, हा त्यातला धडा. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे नागपूरनेही. अशा आराखड्यांमुळे पाणपोई हा धर्मादाय विषय नगरपालिकेच्या कर्तव्यात आला. रांजण, वाळ्याचे पाणी, सावलीसाठी मांडव हे सगळे विदर्भाला नवे नाही. त्याची जबाबदारी कुणाची, हे लिहून ठरणे नवे आहे.

अजून काय ठरायचे आहे

निरोगी, बैठ्या कामाच्या माणसाने तहानेपेक्षा जास्त पाणी प्यावे का, याचे ठाम उत्तर नाही. माझे मत विचाराल तर वय साठीच्या आत असेल आणि मुतखडा किंवा वारंवार मूत्रसंसर्ग नसेल तर नको. तहानेला उत्तर द्यायची मोकळीक मात्र हवी. लघवीचा रंग फिकट पिवळा असला तर बहुधा बरे चालले आहे, हा साधा निकष पुष्कळांना पुरतो. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी तो रंग बदलतो, एवढे ध्यानात ठेवावे.

अ‍ॅप आणि खुणांच्या बाटल्यांनी सहा महिन्यांनंतरही पाणी वाढलेले राहते का, हे नीट तपासले गेलेले नाही. शाळेतल्या घंटेने मुले खरोखर किती जास्त पितात, याचे मोजमाप व्हायला हवे. आपल्या हवामानात, आपल्या आहारावर, आपल्या कामांत माणसाला किती पाणी लागते, याचा तपशीलही आपल्याच मातीतून यायला हवा. कोकणातल्या दमट मेमध्ये घाम वाळत नाही आणि अकोल्याच्या कोरड्या मेमध्ये तो दिसतही नाही. दोघांना एकच पत्रक लागू पडणार नाही.

आणि एक विनंती, असे सर्वेक्षण करणाऱ्यांना. दिवसाला किती ग्लास पाणी पिता, असे विचारल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारा: कामाच्या ठिकाणी वापरता येईल असे स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, आणि तिथे जायला कुणाला विचारावे लागते का? या दोन उत्तरांशिवाय पहिल्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

कायद्याला हे पूर्वीच कळले होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कामगारांना सोयीच्या जागी पिण्याचे पाणी द्यायचे, त्यावर बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत पाटी लावायची, ते शौचालयापासून सहा मीटरच्या आत ठेवायचे नाही, आणि २५० हून जास्त कामगार असतील तिथे उन्हाळ्यात थंड पाणी पुरवायचे, असे लिहिलेले होते. त्या अधिनियमाला सामावून घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृहे या दोन्ही सोयी मालकाच्याच जबाबदारीत आहेत. १९४८ च्या कायद्यात पिण्याच्या पाण्याचे कलम १८ वे होते. त्याला लागूनच येणारे १९ वे कलम शौचालये आणि मुताऱ्यांचे होते.